कापसाचं मेण

कापसाला मेण असतं. हे सांगितलं की माणसं माझ्याकडे जरा संशयानं बघतात. मेण मधमाशीचं, मेण मेणबत्तीचं. कापसाचं कुठून आलं? पण असतं. बोंडातल्या प्रत्येक तंतूवरून निसर्गानं एक पातळ हात फिरवलेला असतो, पाणी आत शिरू नये म्हणून. कोऱ्या मांजरपाटावर पाण्याचा थेंब सोडून बघा, अळवावर बसल्यासारखा बसतो. तेच कापड कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात उकळून, धुऊन, वाळवून पुन्हा थेंब सोडा. नीट बघायच्या आत कापडानं तो पिऊन टाकलेला असतो. माझं नोकरीचं सगळं आयुष्य या दोन थेंबांच्या मध्ये गेलं.

संपादकांनी माझ्याकडे चळवळीच्या आठवणी मागितल्या होत्या. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गिरणगावात जाऊन लाठी खाल्लेला गिरगावातला पांढरपेशा, अशी माझी आमच्या भागात ओळख आहे. महाराष्ट्र दिनाला कुणी ना कुणी हातात नारळ ठेवतं. लाठी खाल्ली हे खरं आहे. पावसाळी हवेत डावा खांदा अजून बोलतो. पण ती का खाल्ली हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. ते सांगायचं तर आधी धंदा सांगावा लागेल, आणि धंदा सांगायचा तर पिकर सांगावा लागेल. तेवढा धीर वाचकांनी धरावा.

मागावर उभे धागे ताणून बसवलेले असतात. आडवा धागा पोटात घेऊन धोटा या टोकाकडून त्या टोकाकडे धावतो. धोटा लाकडाचा, पण दोन्ही टोकांना पोलादी नाक. त्याला दोन्ही बाजूंनी ठोसा मारून पळवणारा जो मुठीएवढा ठोकळा, तो पिकर. पाळीभर ठोसे द्यायचे आणि धोट्याच्या नाकाचे ठोसे खायचे, एवढंच त्याचं काम. पिकर असत म्हशीच्या कातड्याचे, तेल पाजून मुरवलेले, आणि चांगले म्हणावेत ते परदेशातून येत. पुढे परदेशी मालावर बंधनं आली, पिकर मिळेनात, आणि आमच्या नानांच्या डोक्यात किडा शिरला.

नाना म्हणजे माझ्या वडिलांचे मामेभाऊ. आमच्या घराण्यात सगळे कारकून. कारखाना काढणारे नाना एकटेच, म्हणून घरात त्यांचं नाव जरा हळू आवाजात घेत. लालबागला एका गिरणीच्या भिंतीला टेकून त्यांची शेड होती. जाड सुती कॅनव्हास फिनॉलच्या राळेत भिजवायचा, वाळवायचा, थरावर थर रचायचे आणि गरम प्रेसमध्ये दाबायचे. निघतो तो तपकिरी तक्ता लाकडाहून कडक आणि लोखंडाहून हलका. त्याची दातेरी चाकं कापायची, आणि आता पिकरही. लोखंडी चाकाला लोखंडी चाक लागलं की किंचाळतं; मध्ये आमचं कापडी चाक घातलं की दोघंही गप्प बसतात.

गिऱ्हाइकं एकेक नमुने. दादरचे एक गृहस्थ ग्रामोफोनचं झिजलेलं चाक रुमालात बांधून घेऊन आले होते. चाक बसवून दिलं तर आठवड्यानं तक्रार घेऊन परत: गाण्याला कार्बोलिक साबणाचा वास येतो! एका गिरणीच्या शेटजींनी आमचा पिकर हातात घेऊन सर्वांत आधी विचारलं, "यात चामडं नाही ना?" नाही म्हटल्यावर त्यांनी तो कपाळाला लावला. नाना मला बाजूला घेऊन म्हणाले, "सुधाकर, नमस्कार झाला. आता तो टिकव म्हणजे झालं."

टिकवणं माझ्याकडे होतं. मी इंटर सायन्सला दोनदा आपटलेला. नानांनी मला कॉस्टिकच्या टाकीवर उभं केलं तेव्हा वडील म्हणाले होते, "चला, निदान धुलाईखात्यात तरी लागला."

आता या मेणाची गंमत सांगतो. राळ आणि कापूस यांचं एकमेकांशी जमत नाही. मध्ये मेण असतं, सुताला लावलेली खळ असते, यंत्रांचं तेल असतं. राळ वरवर बसते, थर धरल्यासारखे वाटतात आणि ठोसे बसू लागले की चिरोट्यासारखे पापुद्रे सुटतात. म्हणून आधी कापड उकळून खळ काढायची, मग कॉस्टिकमध्ये शिजवून मेण काढायचं, पाण्याचा बुळबुळीतपणा जाईपर्यंत धुवायचं, उरलासुरला कॉस्टिक मारायला आम्लाचं फिकं पाणी द्यायचं, पुन्हा धुवायचं, आणि मग असं वाळवायचं की दमटपणाचा संशयही राहू नये. किती तीव्र कॉस्टिक, किती वेळ, कुठल्या आचेवर, हे सगळं माझ्या हातात. पुस्तकांतून थोडं मिळायचं, बाकीचं बोटांना.

पहिल्या पिकरांची परीक्षा घेतली ती गणपतदादांनी. गणपत राणे, मालवणकडचे, शेजारच्या गिरणीत साळखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात. माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठे. खात्याचा जॉबर, म्हणजे मुकादम, महाडिक नानांच्या ओळखीचा. त्यानं वरच्या साहेबांच्या कानावर अर्धं घालून, अर्धं न घालता आमचे पिकर गणपतदादांच्या मागांवर चढवले. पाळी संपली की मी त्यांच्या लालबागच्या खोलीवर जाऊन निकाल ऐकायचा, हा शिरस्ता पडला.

"ये रे केमिस्ट," ते म्हणायचे. केमिस्ट म्हणणारं जगात तेवढं एकच घर. "तुझ्या पिकराक मिशी फुटली रे!"

खरंच फुटलेली असायची. चारसहा दिवसांत पिकरच्या कडेला सुताच्या तुसांची झालर यायची.

"आणि खोकूक लागलो," ते पुढे सांगायचे. "नवो असताना टक् टक् करता. थर सुटूक लागले की ठप् ठप्. खोकलो की मी काढतंय."

साळखात्यात शेकडो मागांचा गोंगाट. शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, ओठ बघून समजून घ्यायचं. त्या गोंगाटात आपल्या मागाचा पिकर खोकला हे विणकराला कसं कळतं, हे मला विचारू नका. त्यांनाही सांगता यायचं नाही. कातड्याचा पिकरही मरायच्या आधी असाच खोकायचा आणि सगळे विणकर त्यावरच विसंबायचे.

"ह्यांका सगळा ऐकाक येता," दादांच्या घरच्या, म्हणजे माझ्या वहिनी, स्टोव्हजवळून म्हणायच्या. "माझा सोडून. केमिस्ट, तुमी तरी विचारा, गार्ड लावतत काय ते."

पिकर चालू मागावर तुटला, ठोसा वाकडा बसला, की धोटा वाट सोडून बाहेर उडतो. तसा उडाला तर अडावा म्हणून मागाला लोखंडी गज असतो, तो गार्ड. तुटलेला धागा जोडताना तो आड येतो, म्हणून कितीतरी विणकर तो काढून ठेवत. गणपतदादाही.

"लावतंय गो," ते म्हणायचे आणि माझ्याकडे बघून डोळा मिचकवायचे. उजवा डोळा.

मला ती मिशी सलू लागली. गणपतदादांना तो विनोद होता. मला ते तिसऱ्यांदा नापास होणं होतं. शिवाय गिरणीचा निरोप आला होता की पिकर याच्या दुप्पट टिकला तर पूर्ण खात्यासाठी घेऊ. नाना काही बोलत नसत, फक्त टाकीजवळ येऊन उभे राहत. मी कॉस्टिक वाढवत नेला. वेळ वाढवला. राळ पातळ केली, म्हणजे ती नुसती सुतावर न बसता तंतूच्या आत शिरेल. आणि एके दिवशी जमलं. तक्ता कापला तर थर ओळखू येईनात. कापड कुठं संपतं आणि राळ कुठं सुरू होते ते भिंगातूनही दिसेना. पट्टी कापून तिच्यावर वजनं टांगली. जुनी पट्टी जिथं पापुद्रे सोडून वाकायची तिथं ही ढिम्म. नानांनी स्वतःच्या हातानं आणखी वजन लावलं आणि म्हणाले, "आता तुझ्या बापाला बोलवायला हवा."

त्या मालाचे एक डझन पिकर झाले. काही गणपतदादांच्या मागांवर, उरलेले आजूबाजूच्या विणकरांकडे. दिवस गेले, मिशी नाही. आठवडे गेले, मिशी नाही. गणपतदादा माझ्याहून खूष. "मेल्याक खोकलोच नाय!" ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. इतर विणकरांनी आपल्याला मिळावा म्हणून जॉबरला चहा पाजायला सुरुवात केली. त्या खोलीत मी पाहुण्यासारखा बसायचो आणि घरच्यासारखा निघायचो.

एका दुपारी जॉबर महाडिक आमच्या शेडमध्ये आला. हातात चिंधीचं पुडकं. नाना बाहेर गेले होते. त्यानं ते माझ्यासमोर उघडलं. माझा पिकर होता, दोन तुकड्यांत.

"गणपतला लागलं," तो म्हणाला. "धोटा उडून सरळ तोंडावर. परळच्या इस्पितळात नेलाय. डोळा काही वाचत नाही म्हणतात."

मी तुकड्यांकडे बघत होतो. तुटलेली जागा काचेसारखी साफ होती, चमकणारी. एकही सूत बाहेर आलेलं नव्हतं.

चिक्की मोडून पाहिलीत कधी? पाकात दाणा नुसता बसलेला असेल तर मोडताना तो निसटतो, चिक्की वेडीवाकडी, सावकाश मोडते. पाक दाण्यात मुरला असेल तर दाण्यासकट कडकन् एका रेषेत तुटते. माझ्या पिकरचं तेच झालं होतं. पूर्वी तडा गेला की तो सुतापाशी अडायचा, वळायचा, थर थोडे सुटायचे, सूत ओढलं जायचं. त्यात ठोशाचा जोर जिरायचा आणि आवाज बदलायचा. ती मिशी, तो खोकला म्हणजे पिकर झिजत असल्याची वर्दी होती. मी सूत आणि राळ इतकी एकजीव केली की तड्याला वळायला जागाच ठेवली नाही. माल मजबूत झाला होता, यात खोटं नाही. मी त्याला वजनं टांगून पारखलं होतं. पिकरला आयुष्यात कधी कुणी वजन टांगत नाही. त्याला ठोसे बसतात. एवढी साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. आणि ज्या कानावर गणपतदादांचा जीव अवलंबून होता, त्या कानाला ऐकू येण्यासारखं मी काही शिल्लक ठेवलं नव्हतं.

हे सगळं मला तिथेच, उभ्या उभ्या कळलं. पुढच्या आयुष्यात मी पुष्कळ वाचलं. त्यापेक्षा वेगळं काही सापडलं नाही.

"मी साहेबाला धोटा उडाला एवढंच सांगितलंय," महाडिक म्हणाला. "धोटे उडतातच. पिकर मी गुपचूप बदलला. माझीही मान अडकलीय यात. बाकीचे ठीक आहेत ना रे?"

बाकीचे अकरा त्या क्षणी चालू होते. गिरणी भिंतीपलीकडे होती, मागांचा आवाज आमच्या शेडमध्ये येत होता. मी एकच वाक्य बोलायला हवं होतं: सगळे उतरव, आत्ता. मी म्हणालो, "बघतो."

का, ते सांगतो. त्यानं काही हलकं होत नाही. पिकर उतरवले असते तर नाना बुडाले असते, आणि त्यांच्या आधी माझं केमिस्टपण. दोनदा नापास झालेल्या माणसाला एकदा पास झाल्यावर निकालपत्र परत देणं जमत नाही. मला वाटलं, रात्रीत काही सुचेल.

त्याच संध्याकाळी मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही ही बातमी आली. सकाळी गिरणगाव उठलं ते रस्त्यावरच. गिरण्या बंद, दुकानं बंद, ट्रामही बंद. मी गिरगावाहून चालत लालबागला आलो. शेडपाशी उभा राहिलो तर भिंतीपलीकडून आवाज नव्हता. माग थांबले होते. मी पायरीवर बसलो आणि मला रडू आलं. शेजारून जाणाऱ्या एकानं माझ्या पाठीवर हात ठेवला. "रडू नकोस, भावा. मुंबई आपलीच आहे." त्यानं मला उठवलं आणि मोर्चात घेतलं.

त्या दिवसांत गोळीबार झाले. माणसं गेली. मी ज्यांच्या खांद्याला खांदा लावून चालत होतो त्यांतले काही घरी परतले नाहीत. त्यांच्याबरोबर माझं नाव घेतलं जातं, म्हणून हे स्पष्ट लिहितो. आमची घोषणा एकच होती. ते मुंबई मागत होते. मी आणखी एक दिवस मागत होतो. संप मिटेल अशी कुजबुज आली की मी शेडच्या भिंतीपाशी जाऊन माग सुरू झाले का ते ऐकायचो. एका सकाळी गणपतदादांच्याच गिरणीच्या दाराशी काही कामगार जमले, आत जावं की नाही अशी चर्चा करत. मी दगडी कट्ट्यावर चढलो आणि बोललो. जन्मात कधी चार माणसांत तोंड न उघडलेला मी काय बोललो ते आठवत नाही. एवढं आठवतं की लोकांनी मला खांद्यावर घेतलं. "गिरगावातला शिकलेला पोरगा बघा!" कुणीतरी ओरडलं. मग शिट्ट्या वाजल्या, धावाधाव झाली, आणि लाठी खांद्यावर बसली.

मलमपट्टी करून घ्यायला म्हणून इस्पितळात गेलो आणि पाय गणपतदादांच्या वॉर्डाकडे वळले. वॉर्ड जखमींनी भरलेला, जमिनीवरही गाद्या. स्वयंसेवक मोसंबी वाटत होते. गणपतदादांच्या अर्ध्या चेहऱ्यावर पट्टी होती आणि उशाशी झेंडूचा हार.

"ह्यो हार घेऊन जा रे," ते स्वयंसेवकाला सांगत होते. "मी तेंतलो नाय. माका धोटो लागलो."

"असू दे, असू दे," स्वयंसेवक हळूच म्हणाला. "दारात पोलीस आहे. असंच सांगत राहा." आणि पुढच्या खाटेकडे गेला.

वहिनी पायाशी बसल्या होत्या. माझा बांधलेला हात बघून त्यांनी तोंडावर पदर घेतला. "अगे बाय, तुमकाय लागला?"

गणपतदादांनी चांगला डोळा माझ्यावर लावला. "केमिस्ट, एक विचारूचा होता. पिकर तुटलो काय रे? माका तो खोकल्यासारखो वाटलो नाय. डोळ्यासमोर एकदम धोटोच."

मी त्या डोळ्याकडे बघून म्हणालो, "नाही दादा. पिकर ठीक आहे. धोटाच उडाला."

त्यांनी पट्टीवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "मगे माझीच चूक. गार्ड मियाच काढून ठेवललो."

"मी घसो सुकेपर्यंत सांगत होतंय," वहिनी म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. पण ते बोलणं त्या दिवसापासून त्यांच्या लालबागच्या खोलीत राहायला आलं.

काही दिवसांनी गिरण्या सुरू व्हायचं ठरलं. पहिल्या भोंग्याच्या आधी मी जुन्या मालाचे, मिशी फुटणारे पिकर पोत्यात भरून महाडिकच्या पुढ्यात उभा राहिलो.

"चांगला माल परत का नेतोस?" त्यानं विचारलं.

"एक सुधारणा करायची आहे."

त्यानं माझ्याकडे नीट बघितलं, मला आत घेतलं आणि आम्ही एकेक पिकर उतरवू लागलो. शेवटच्या मागावरचा विणकर आधीच आला होता आणि त्यानं माग चालूही केला होता. मी धावत जाऊन मागाचा दांडा खेचला. माग आचका देऊन थांबला.

"ए सोवळ्या!" तो भडकला. "मागाला हात लावायला तुझ्या आजोबाचा आहे काय?"

मी त्याची माफी मागितली आणि पिकर काढून घेतला. वरून निर्दोष, चकचकीत. शेडमध्ये येऊन ऐरणीवर ठेवला, त्यावर हलकासा हातोडा मारला. दोन तुकडे झाले. ठोका इतका हलका होता की शेजारी उभ्या असलेल्या नानांनी वळूनही बघितलं नाही.

बाकीच्या मागांवरची माणसं वाचली, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं. ती मी वाचवली नाहीत. ज्यांनी गिरणी बंद पाडली त्यांनी वाचवली, आणि त्यांना ते ठाऊकही नव्हतं.

नंतर मी कॉस्टिक कमी केला. वेळ कमी केला. थेंब अळवावर बसूही नये आणि लगेच नाहीसाही होऊ नये, थोडा विचार करून आत जावा, इतपतच मेण काढायचं. मधले थोडे थर मुद्दाम अर्धवट धुतलेले ठेवले. मग पट्टीवर वजन टांगणं बंद करून तिला ठोसे मारणारं एक यंत्र बनवलं. नवा पिकर पुरेसा टिकला, आणि मरायच्या आधी मिशी फुटून खोकू लागला. गिरणीनं घेतला, मग दुसरीनं घेतला. नानांचा धंदा त्यावर उभा राहिला, माझंही घर उभं राहिलं. धंद्यातली नवी पोरं विचारायची की कापड पूर्ण स्वच्छ का करत नाही, तर मी चिक्कीचं उदाहरण द्यायचो. सगळे म्हणायचे, किती छान समजावता.

मुंबईसह राज्य झालं तेव्हा लालबागला चाळीच्या पटांगणात सत्कार झाला. लढ्यात जखमी झालेल्यांच्या रांगेत मला आणि गणपतदादांना शेजारी शेजारी बसवलं. त्यांच्या डोळ्यावर काळा चष्मा. गिरणीतून सुटून ते एका शाळेत पहारेकरी झाले होते. त्यांचं नाव पुकारलं गेलं. ते नारळ घेऊन माइकपाशी गेले.

"माका गोळी लागली नाय, लाठी लागली नाय," ते म्हणाले. "मी धा वेळा सांगलंय, कोण ऐकाक तयार नाय. माका धोटो लागलो, आणि तो माझ्या हयगयीन. साळखात्यातल्या पोरांनू, गार्ड लावा रे. ह्यो नारळ ज्येचो तेका देतंय."

लोक हसले, मग टाळ्या पडल्या. ते येऊन माझ्यासमोर उभे राहिले आणि तो नारळ त्यांनी माझ्या मांडीवर ठेवला. मी तो घेतला. नंतर माझं नाव पुकारलं गेलं, आणि मला दुसराही मिळाला.

यानंतर मी त्यांच्याकडे जाणं कमी केलं. सणाला जायचो, चहा घ्यायचो. ते शाळेच्या फाटकाशी ओळखीच्या विणकरांना अडवून गार्डचं सांगायचे. वहिनींचं ते बोलणं वर्षानुवर्षं माझ्या कानावर पडत राहिलं: ताकात मीठ जास्त झालं तरी, छत्री विसरली तरी. "ह्यांची हयगय. डोळो गेलो तरी सुदारले नाय." म्हणायच्या हसून. ते मान खाली घालून ऐकायचे. मी कपबशी खाली ठेवून उठायचो.

दोन वर्षांपूर्वी वहिनी गेल्या.

यंदा संपादकांचं पत्र आलं आणि मी लिहायला बसलो. चळवळीच्या आठवणींचं पहिलं पान फाडलं, दुसरं फाडलं. मग कपाटातून महाडिकनं आणलेली ती चिंधी काढली आणि लालबागला गेलो. आधी गणपतदादांना, मग छापून.

गणपतदादा खाटेवर बसले होते. मी चिंधी उघडून तुकडे त्यांच्या हातात दिले आणि सांगितलं. सगळं, शेवटपर्यंत. मोर्चासकट. त्यांनी मला एकदाही अडवलं नाही. सांगून झाल्यावर ते तुटलेल्या जागेवरून अंगठा फिरवत राहिले.

"गार्ड असतो तर?" त्यांनी विचारलं.

"असता तर कदाचित अडला असता. मला नक्की सांगता येत नाही, दादा. पण धोटा उडाला तो गार्ड नव्हता म्हणून नाही. पिकर तुटला म्हणून. आणि पिकर तुटला तो माझ्यामुळे. हे तुम्हाला माहीत असायला हवं होतं."

त्यांनी तुकडा खाटेच्या लोखंडावर टकटक वाजवला, कान देऊन ऐकलं. पुन्हा वाजवला.

"आवाज बरो आसा," ते म्हणाले.

त्यांनी तुकडा मांडीवर ठेवला.

"माझ्या डोळ्याचा काय नाय रे. तो गेलो, गेलो. एका डोळ्यान पोरींची लग्नां बघलंय." ते थांबले. "पण ती जन्मभर माका बोलत रवली. आणि मी म्हटलंय, बोलतली, तिचा खरांच आसा. कधी उलटून बोललंय नाय. मरताना माझो हात धरून सांगलान, आता एकटे रवतलास, हयगय करू नकात." त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "माका सांगलंस ता बरां केलंस. तिका कोण सांगतलो?"

ते भिंतीला हात लावत उठले. भिंतीवर वहिनींचा फोटो होता, हार जरा जुना झालेला. त्यांनी तुकडे फोटोखालच्या फळीवर, उदबत्तीच्या घराशेजारी ठेवले आणि बाजूला सरकले.

"तूच सांग," ते म्हणाले. "माका सांगलंस तसा. पयल्यापासून सांग, तिका गिरणीतला काय कळायचा नाय."

बाहेर गॅलरीत कुणीतरी बादली भरत होतं. मी चपला काढल्या. फोटोसमोर उभा राहिलो आणि हात जोडले.

"वहिनी," मी म्हणालो, "कापसाला मेण असतं."